बाटली कुणाच्या हातात आहे? सिनेमातल्या ब्रँडवरून प्रेक्षक ओळखणे

फ्रेममधली_वस्तू

सिनेमात एखादा ब्रँड ठळक दिसला की थिएटरात कुणीतरी "घ्या, जाहिरात आली" म्हणतंच. पण ती जाहिरात कुणासाठी आली, याचा विचार फारसा होत नाही. निर्मात्याने आपला प्रेक्षक कोण हे ब्रँडला आधी पटवून दिलेलं असतं, त्याशिवाय पैसे सुटत नाहीत. त्यामुळे पडद्यावरची वस्तू नीट पाहिली तर सिनेमा कुणाला डोळ्यांसमोर ठेवून विकलाय ते कळतं. ते कसं वाचायचं, यावर हा धागा.

कुठला ब्रँड आहे हे मी नंतर बघते. वस्तू कुणाच्या हातात आहे आणि दुकानातून ती आणणार कोण, हे दोन प्रश्न आधी. 'कोई मिल गया' (२००३) मध्ये बोर्नव्हिटा आहे. पेय मुलांचं, पण डबा महिन्याच्या यादीत लिहिते आई. म्हणजे मुलांना घेऊन थिएटरात येणारी आई इथे ब्रँडने धरलेली आहे. याउलट 'ई. टी.' (१९८२) मधल्या गोळ्या. मार्स कंपनीने एम अँड एम्स द्यायला नकार दिला, मग हर्शीने रीसेस पीसेस दिल्या आणि सिनेमाच्या प्रचारावर १० लाख डॉलर खर्च करायचं कबूल केलं. तिथे गोळी मुलाच्याच हातात आहे आणि हट्टही तोच करणार.

सगळ्यात बोलकं उदाहरण 'मेरे डॅड की मारुती' (२०१३). गाडी एर्टिगा, सात जणांची. वडिलांनी ती लग्नातली भेट म्हणून घेतलेली आणि मुलगा न विचारता घेऊन जातो. तिकीट काढणारा कॉलेजातला, गाडीचा चेक फाडणारा त्याचा बाप. नावातच दोघं बसवलेत.

तिसरी खूण पाकिटाच्या मापाची. हिच्याकडे फारच कमी जण बघतात. तोच शांपू, पण पुडी आहे की ६५० मिलीची बाटली? तोच मसाला, पण छोटी पुडी आहे की अर्ध्या किलोचं पाकीट? पुडी रोज संध्याकाळी वाण्याकडून येते, पाकीट महिन्याच्या सामानात. एका मापाने घराची कमाई, माणसं आणि खरेदीची सवय तिन्ही कळतात.

हिशेबनीस

धागा आवडला, पण एक गोष्ट घालावी लागेल. पडद्यावरची वस्तू हा सौद्याचा छोटा भाग असतो. इन-फिल्मचा, म्हणजे सिनेमात ब्रँड दाखवण्याचा सौदा तीन प्रकारचा. एक रोख. दुसरा बार्टर : गाड्या, कपडे, फर्निचर, हॉटेलातल्या खोल्या द्यायच्या आणि बदल्यात दिसायचं. तिसरा मीडिया कमिटमेंट : निर्मात्याच्या हातात फारसं काही पडत नाही, पण ब्रँड स्वतःच्या खर्चाने सिनेमातले तुकडे वापरून २०-३० सेकंदांचा को-ब्रँडेड स्पॉट, म्हणजे दोघांची मिळून एक जाहिरात, बनवतो आणि रिलीजच्या आधीचे दोन-तीन आठवडे तो वाजवतो. निर्मात्याच्या दृष्टीने प्रचाराचं बजेट तेवढं वाचतं. बरेच मोठे सौदे या तिसऱ्या कप्प्यातले. 'गोल्डनआय' (१९९५) मध्ये बीएमडब्ल्यू झेड ३ पडद्यावर फारच थोडा वेळ आहे, पण नव्या गाडीचं सगळं लाँचिंग त्या सिनेमाच्या खांद्यावर झालं.

म्हणून प्रेक्षक कोण हे बघायचं असेल तर को-ब्रँडेड स्पॉट कुठे लागला ते टिपा. दुपारी मराठी मालिकांच्या मध्ये? क्रिकेटच्या षटकांमध्ये? वांद्रे रेक्लमेशनच्या होर्डिंगवर, की एसटी स्टँडवर? सिनेमा सगळ्यांना सारखाच दिसतो, स्पॉट मात्र पैसे मोजून निवडलेल्या माणसाला दाखवतात.

करारात काय असतं तेही सांगतो. किती सीन, प्रत्येकात लोगो स्पष्ट दिसण्याचे किमान सेकंद, संवादात नाव आहे की नाही, वस्तू मुख्य कलाकाराच्या हातात की मागे शेल्फवर, त्याच प्रकारातला दुसरा ब्रँड फ्रेममध्ये येणार नाही याची हमी, आणि वस्तू वाईट प्रकाशात दाखवणार नाही हे कलम. पैसे हप्त्यांनी : सही झाल्यावर, ते सीन शूट झाल्यावर, रिलीज झाल्यावर. हमखास भांडण होतं ते एडिटवर. फायनल कट दिग्दर्शकाचा असतो, सीन उडतो, ब्रँडचे सेकंद जातात. म्हणून 'सीन कापला तर त्याबदली काय' हे सहीआधीच लिहून घ्यायचं : दुसऱ्या सीनमध्ये सेकंद, जास्तीचे स्पॉट, किंवा शेवटचा हप्ता रद्द.

दादर_टीटी

मराठी सिनेमात मसाले, सराफी पेढी, सहकारी बँक, बिल्डर हेच पुन्हापुन्हा दिसतात. यावरून आपला प्रेक्षक पन्नाशीचा आणि मध्यमवर्गीयच आहे असं समजायचं का?

फ्रेममधली_वस्तू

अर्धंच खरं. हे ब्रँड मुळात महाराष्ट्रापुरते आहेत. देशभर माल विकणाऱ्या कंपनीला एका भाषेतला सिनेमा परवडतो, पण तिची माध्यमखरेदी देशपातळीवर ठरते, त्यामुळे ती हिंदीकडे वळते. सराफ आणि मसालेवाल्यांची दुकानं जिथे, तिथेच मराठी सिनेमाची थिएटरं, म्हणून जोडी जुळते. तेव्हा सराफी पेढी दिसली की आधी भूगोल वाचा, वय नंतर.

वय वाचायचं तर वस्तूचं काम बघा. लग्नातलं मंगळसूत्र नवरी स्वतः निवडतेय की आई निवडून देतेय? बँकेत म्हातारे मुदतठेवीची पावती घेतायत की पोरगी शैक्षणिक कर्जाचा फॉर्म भरतेय? पेढी तीच, बँक तीच, गिऱ्हाईक वेगळं. गावाकडच्या कथेत पाण्याचा पंप, पाइप, बियाणं दिसलं तर तो सिनेमा दादरच्या मॅटिनीपेक्षा सांगली-लातूरच्या पडद्यांचा हिशेब करून विकलाय.

आणखी एक : पाकिटाची कुठली बाजू कॅमेऱ्याकडे आहे? बऱ्याच पुड्यांवर एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला देवनागरी छपाई असते. देवनागरी बाजू मुद्दाम पुढे केली असेल तर तो निर्णय कुणीतरी बसून घेतलेला आहे.

फोकसपुलर

वस्तू पैसे घेऊन ठेवली की आर्ट डिपार्टमेंटने पात्राला शोभेल म्हणून ठेवली, हे आधी ठरवा, नाहीतर वरचं सगळं वाचन चुकेल. फोकस बघा, उत्तर तिथे आहे.

हिशेब करून दाखवतो. ८५ एमएमची लेन्स, सुपर ३५ सेन्सर, चेहरा २ मीटरवर. एफ १.४ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप उघडं असताना, शार्प राहणारा पट्टा जेमतेम ४ सेंटिमीटर खोल असतो. डोळे शार्प, कान मऊ. अशा शॉटमध्ये चेहऱ्यामागे हातभर अंतरावर ठेवलेल्या डब्यावरचं अक्षर वाचता येणंच शक्य नाही. एफ ५.६ वर गेलात तर पट्टा १५-१६ सेंटिमीटर होतो, पण १.४ वरून ५.६ म्हणजे चार स्टॉप, म्हणजे सोळापट उजेड. तेवढा उजेड केवळ एका डब्यासाठी कुणी लावत नाही. म्हणून पैसे घेतलेली वस्तू चेहऱ्याच्याच प्रतलात आणली जाते : गालाजवळ धरलेला फोन, ओठाजवळचा कप, छातीशी धरलेली पुडी. किंवा फोकस चेहऱ्यावरून वस्तूवर नेऊन परत आणतात. मागे धूसर दिसणारा डबा बहुतेक वेळा सेटिंगवाल्यांनी घराला घरपण यावं म्हणून मांडलेला असतो.

दुसरी खूण वेळेची. २४ फ्रेमच्या हिशेबाने २ सेकंद म्हणजे ४८ फ्रेम. कथेला काही कारण नसताना कॅमेरा ४८ फ्रेम लेबलवर थांबला असेल तर करारातले सेकंद भरले जातायत.

कलाखाते

फोकसपुलर यांच्याशी सहमत. वस्तू उभी कशी करतात तेही लिहिते, कारण त्यावरूनही सौदा ओळखू येतो.

थंड पेयाची काचेची बाटली घ्या. आधी ती धुऊन पूर्ण कोरडी करायची. लेबलवर आणि खांद्यावर डलिंग स्प्रेचा पातळ हात, म्हणजे लाइटचा पांढरा डाग अक्षरांवर बसत नाही. तो वाळला की ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून बारीक फवारा. हे थेंब लाइटच्या उष्णतेतही जागचे हलत नाहीत. नुसतं पाणी मारलं तर पाच मिनिटांत ओघळतं किंवा सुकतं, आणि क्लोजअपमध्ये थेंब आहेत, वाइडमध्ये नाहीत, अशी कंटिन्युइटी बोंबलते. ग्लिसरीन जास्त झालं तर थेंब डिंकासारखे जाड दिसतात आणि बाटली कलाकाराच्या हातातून निसटते. क्रम उलटा झाला, म्हणजे फवाऱ्यानंतर डलिंग स्प्रे मारला, तर थेंबांची चमकच जाते आणि बाटली पुन्हा धुवायला काढावी लागते.

उचलताना फक्त मानेला धरायचं. मागच्या बाजूला मास्किंग टेपची बारीक पट्टी लावून पातळीची खूण करायची. गॅस उडून जातो, म्हणून झाकण उघडण्याचा शॉट असेल तर प्रत्येक टेकला नवी बाटली. दहा टेक धरून चाला आणि वर तेवढ्याच बाटल्या ठेवा. ग्लासात अ‍ॅक्रिलिकचा बर्फ. एमआरपी आणि तारखेची छपाई कॅमेऱ्यापासून वळवायची, कारण सिनेमा वर्षभराने लागला तरी तारीख तीच राहते.

एवढी सेवा आर्ट डिपार्टमेंट आपल्या मनाने ठेवलेल्या बाटलीची करत नाही. पडद्यावर बाटलीचे थेंब शॉटमागून शॉट जागच्या जागी दिसले की समजा, सेटवर ब्रँडचा माणूस मॉनिटरशेजारी उभा होता.

आणि प्रेक्षकाचा मुद्दा : परत करायची काचेची बाटली म्हणजे टपरी किंवा खानावळ, मोठी प्लास्टिकची म्हणजे घरातलं जेवण आणि पाहुणे, कॅन म्हणजे कॉलेज, प्रवास, मल्टिप्लेक्स. 'ताल' (१९९९) मध्ये दोघांत कोकची एक बाटली आहे, प्रेमाची खूण म्हणून. बाटली उष्टी करण्याचा अर्थ ज्यांना लगेच कळतो त्याच वयासाठी ते केलंय.

कॉपीवाली

थोडा विरोध. 'कास्ट अवे' (२०००) मध्ये फेडेक्स सिनेमाभर आहे आणि त्यासाठी कंपनीने पैसे दिले नव्हते. विमानं, ऑफिसं, माणसं मात्र दिली. 'बॉबी' (१९७३) नंतर राजदूत जीटीएस १७५ ला लोक बॉबी म्हणूनच ओळखू लागले. दिसण्यावरून प्रेक्षक आणि पैशांवरून प्रेक्षक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी कधी वस्तू कथेला लागते म्हणून येते आणि तिचं गिऱ्हाईक नंतर तयार होतं.

फ्रेममधली_वस्तू

मान्य, आणि हे वरच लिहायला हवं होतं. ब्रँडवरून कळतं ते इतकंच की सौदा करताना दोन्ही बाजूंनी कोणता प्रेक्षक गृहीत धरला. खुर्चीत प्रत्यक्ष कोण बसलं ते तिकीटबारी सांगते. शिवाय महागड्या गाडीचा, परदेशाच्या पर्यटन मंडळाचा सौदा बघणाऱ्या प्रत्येकासाठी नसतोच. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' (२०११) मध्ये स्पेनचं पर्यटन आहे. बघणाऱ्यांतल्या थोड्यांनीच व्हिसा काढला तरी त्यांना पुरे, बाकीच्यांनी स्वप्न म्हणून बघायचं. रोजच्या वापराची वस्तू असेल तर प्रेक्षक आणि गिऱ्हाईक जवळजवळ एकच, आणि किंमत चढत गेली की दोघांतलं अंतर वाढत जातं.

गोरेगाव_पूर्व

मुंबईच्या रस्त्यावर शूट असेल तर नको असलेले ब्रँड हीच मोठी डोकेदुखी. कोला कंपनीशी करार आहे आणि मरीन ड्राइव्हच्या शॉटमध्ये मागून बेस्टची बस गेली, अख्ख्या बसवर दुसऱ्या कोलाची जाहिरात. लोकलच्या डब्यांवरही जाहिरात गुंडाळलेली असते, आणि रेल्वेने दिलेला रेक कुठला येईल ते आपल्या हातात नसतं.

रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला जाल तेव्हा, प्रत्येक होर्डिंगचा फोटो काढून जागेसकट यादी करायची, आणि शूटच्या दोन दिवस आधी पुन्हा चक्कर मारायची, कारण फ्लेक्स मधल्या काळात बदलतात. माहीम कॉजवेला तर एका कोपऱ्यात उभं राहिलं तरी अनेक दिसतात. शॉट स्थिर असेल तर होर्डिंग पोस्टमध्ये बदलणं सोपं. कॅमेरा हातात असेल आणि पुढून माणसं जात असतील तर प्रत्येक फ्रेममध्ये कडा कापत बसावं लागतं आणि व्हीएफएक्सचं बिल फुगतं. त्यापेक्षा कॅमेरा खाली घ्या, लेन्स लांब घ्या, मागचं उडवा. धूसर झालेल्या होर्डिंगवर कुणी वाद घालत नाही.

प्रेक्षक म्हणून यातून एक कळतं : खऱ्या मुंबईत इतक्या जाहिराती असताना फ्रेममधला रस्ता एकदम रिकामा आणि एकच पाटी ठळक, असं दिसलं तर बाकीच्या पुसल्या आहेत.

फोकसपुलर

पोस्टमधल्या दोन चुका वारंवार होतात. पहिली क्रॉपची. शूट १६:९ चौकटीत आणि सिनेमा २.३९:१ च्या रुंद चौकटीत जाणार असेल तर उंचीचा साधारण पाव भाग जातो. वर टांगलेली पाटी किंवा टेबलाच्या खालच्या कडेला ठेवलेला डबा मॉनिटरवर दिसतो आणि थिएटरात नसतो. मॉनिटरवर २.३९ च्या रेषा लावूनच वस्तू मांडा.

दुसरी रंगाची. डीआयमध्ये, म्हणजे शूटनंतर संगणकावर रंग ठरवताना (यालाच ग्रेड म्हणतात), चेहरे केशरी आणि सावल्या निळ्या-हिरव्या केल्या की निळं लेबल मोरपंखी होतं. ब्रँडचा रंग ठरलेला असतो, ते लगेच पकडतात. ग्रेड पूर्ण झाल्यावर दुरुस्ती मागितली तर सगळे शॉट पुन्हा उघडावे लागतात. त्यासाठी पहिल्याच दिवशी कलरिस्टला खरं पाकीट द्यायचं आणि त्या शॉटांत लेबलभोवती वेगळा मास्क धरून ग्रेड करायचं.

हिशेबनीस

कायदा आणि कर थोडक्यात. तंबाखूच्या ब्रँडचं प्लेसमेंट बंदच आहे. २०१२ पासून धूम्रपानाचं दृश्य असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्य-संदेश, आणि दृश्य चालू असताना खाली स्थिर इशारा. पाकीट दिसलं तर नाव धूसर करावं लागतं. दारूचे ब्रँड सोडा किंवा संगीताच्या नावाने येऊ पाहतात, आणि अशा आडून केलेल्या जाहिरातींना २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे.

परवानगी न घेता नाव वापरलं तर काय होतं ते 'दबंग' (२०१०) च्या वेळी दिसलं. गाण्यात झंडू बाम आल्यावर इमामी कंपनीने नोटीस पाठवली, पुढे समझोता झाला आणि त्याच कलाकाराला घेऊन जाहिरात झाली. सगळ्यांचं असं गोड होत नाही. गाणं रेकॉर्ड करायच्या आधी पत्र घ्या.

कर : रोख रकमेवर १८ टक्के जीएसटी. बार्टरही जीएसटीत पुरवठाच धरला जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बिलं फाडायची, मूल्य बाजारभावाने. आणि १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्याचं १९४आर कलम लागू झालं. वस्तू निर्मात्याकडे किंवा कलाकाराकडे कायमची राहिली आणि वर्षाचं मूल्य २० हजारांवर गेलं तर १० टक्के टीडीएस. शूट संपल्यावर गाडी परत केली तर ती या कलमात येत नाही. म्हणून परत केल्याची सही-तारखेची पावती जपून ठेवा.

कॉपीवाली

दोन अडचणी राहिल्या. फोनचं मॉडेल वर्षाच्या आत जुनं होतं आणि सिनेमा लांबतो. त्यामुळे स्क्रीनवर हिरवं पान आणि चार खुणा ठेवून शूट करायचं, इंटरफेस रिलीजच्या आधी बसवायचा, आणि फोनच्या पाठीचे क्लोजअप वेगळे, शेवटी काढायचे.

दुसरी : कलाकाराचे स्वतःचे करार. नायक एका चहाचा चेहरा असेल तर दुसऱ्या चहाचा कप त्याच्या हातात देता येत नाही. कास्टिंग झाल्या दिवशी तो कुठल्या कुठल्या प्रकारच्या वस्तूंशी बांधलेला आहे, त्याची यादी त्याच्या एजन्सीकडून मागवा. आणि खलनायकाच्या हातात कोण काय देतंय तेही बघा. रायन जॉन्सन या दिग्दर्शकाने २०२० मध्ये सांगितलं की अ‍ॅपल आपला फोन खलनायकाला वापरू देत नाही. रहस्यपटात यावरून गुन्हेगारही ओळखू येतो.

दादर_टीटी

आता नेमका प्रश्न. कथा लालबागची चाळ आणि ठाण्यातला मुलीचा फ्लॅट, ब्रँड मसाल्याचा. ब्रँडला द्यायच्या प्रस्तावात प्रेक्षकाचं पान असतं, त्यात काय लिहायचं? बहुतेक ठिकाणी '१८ ते ४५, स्त्री-पुरुष, शहरी' एवढंच लिहितात.

हिशेबनीस

त्या ओळीवर कुणी पैसे देत नाही, कारण ती कुठल्याही सिनेमाला लागू पडते. तीन गोष्टी लिहा. पडदे कुठले : दादर, ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, आणि शो कुठल्या वेळचे. घरात मसाला ठरवतं कोण : आई, सून, की नोकरी करणारी मुलगी. आणि सीनमध्ये निर्णय होतो कुठे. आई मुलीला पुडी बांधून देते हा एक सीन दोन पिढ्यांचं गिऱ्हाईक दाखवतो. शेल्फवर दहा पुड्या मांडलेल्या पाच सीनपेक्षा त्याची किंमत जास्त मागा. सोबत त्या सीनची संवादासकट दोन पानं जोडा, पूर्ण पटकथा नको.

कलाखाते

पुड्या दोन्ही मापांच्या मागवा, चाळीच्या सीनला लहान आणि फ्लॅटला मोठी. सगळा माल एकाच बॅचचा मागा, नाहीतर छपाईची छटा मधेच बदलते आणि एकाच सीनमध्ये दोन पुड्या वेगळ्या दिसतात. कात्रीने फोडलेली पुडी कंटिन्युइटीला सोपी. हाताने फाडलेली कड दर टेकला वेगळी येते.